पांढऱ्या उंदरांसाठी पिवळा कागद

पांढऱ्या उंदरांना घालायची बाजरी आधी कोरडी भाजून घ्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शोधून काढलं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. अजूनही कुणी पाळलेल्या प्राण्याच्या खाण्याला कीड लागल्याचं बोलायला लागलं की मी उठून आत जाते. मला त्यातलं इतकं कळतं की एकदा सुरुवात केली तर थांबणार नाही, आणि मग शेवटी काय झालं तेही सांगावं लागेल. आता वय झालं आहे, तर एकदाचं सांगूनच टाकते.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी जुन्नरच्या मराठी शाळेत सातवीत होते. आमच्या मोहल्ल्यातली सातवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. आमचं घर हातकागद करणाऱ्यांचं. एके काळी आमच्या गल्लीत घरोघरी कागद व्हायचा, पण मी शाळेत होते तोवर गिरणीच्या कागदानं सगळ्यांना घरी बसवलं होतं. कुणी विड्या वळायला लागलं, कुणी टांगा घेतला. अब्बा तेवढे हट्टानं कागद करत राहिले. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण गावची मराठी तिच्यात पुरती मुरलेली होती. इथं मी सगळं मराठीतच लिहिते, कारण लिहायला मला तेवढंच येतं.

आमच्या मास्तरांचा मेव्हणा पुण्यात औषधांच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत जनावरांचे पिंजरे सांभाळायचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं पांढऱ्या उंदरांची एक जोडी आणून दिली. लाल डोळे, गुलाबी शेपूट, हातावर घेतले तर तळव्याला गुदगुल्या व्हायच्या. शाळा उघडल्यावर सृष्टिज्ञानाच्या तासाला मास्तरांनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि घरी नेऊन कोण सांभाळील म्हणून विचारलं. वर्गातल्या पोरांच्या आयांनी आधीच बजावून ठेवलं असावं. गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर त्यांना चालायचा, पण हा नको होता. मी हात वर केला.

त्या हात वर करण्याला पुढं फार मोठा अर्थ आला. घोडेगावच्या एका बांगडीवाल्यांच्या घरातून मला मागणी आली होती. अब्बांच्या मनात ते स्थळ भरलं होतं. मास्तर एकदा आमच्या दारात आले आणि अब्बांना म्हणाले की पोरगी हुशार आहे, सातवीची फायनल परीक्षा पास झाली तर पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाईल, तिथं सरकार शिष्यवृत्ती देतं. भाद्रपदात शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यासमोर मी उंदरांबद्दल उभं राहून बोलायचं, काय खातात, किती दिवसांनी पिल्लं होतात, सगळं लिहून ठेवलेलं दाखवायचं, आणि मग मास्तर माझं नाव त्यांच्या कानावर घालणार.  अब्बांनी घोडेगावकरांना निरोप धाडला की दिपोटी येऊन जाऊ देत, मग बोलू.

म्हणजे उंदीर जगले तर पुणं, मेले तर घोडेगाव. असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

मग मी उंदरांच्या मागे हात धुवून लागले. बाजरी आणायची ती बोरीहून बाजाराला येणाऱ्या एका धनगर बाईकडूनच, कारण ती नवी-जुनी मिसळत नसे. आणल्याबरोबर चाळायची, तव्यावर बोटाला चटका बसेल इतपत भाजायची आणि पुरती गार झाल्यावरच डालड्याच्या डब्यात भरायची. गरम भरली की झाकणाला आतून घाम येतो आणि आठ दिवसांत डब्यात जाळी धरते. हे एकदा डबा वाया घालवून कळलं. डब्यात कडुलिंबाचा सुकवलेला पाला टाकायचा, ओला नाही. जुने दाणे संपल्याशिवाय नवे वर ओतायचे नाहीत. भाकरीचा तुकडा द्यायचा तर संध्याकाळी उरलेला काढून टाकायचा. पिंजरा एका तिपाईवर ठेवला होता आणि तिपाईच्या तिन्ही पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंगी चढायला नको. खाली अंथरायला बाजरीच्या सरमाडाचं, म्हणजे वाळल्या ताटांचं, बारीक भूस. ते दर चौथ्या दिवशी काढून चुलीत घालायचं, पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि तो उन्हात वाळवून मगच उंदीर आत सोडायचे. तोवर ते एका घागरीत खुडबुडत असायचे. हे सगळं मी एका वहीत लिहायची. आषाढाच्या शेवटी मादीला सात पिल्लं झाली, तीही लिहिली.

अम्मा हे सगळं बघायची. ती फारशी बोलत नसे. दिवसभर फळीवर कागद ठेवून गुळगुळीत दगडानं घोटत बसायची. कधीतरी म्हणायची, माणसांच्या पोरांचं इतकं कुणी करत नाही. ते खरंच होतं. माझ्या पाठच्या दोघी बहिणी वर्षाच्या आत गेल्या होत्या.

श्रावणात नऊ दिवस ऊन पडलं नाही. पिंजरा वाळेना, भूस वाळेना. पिंपळवंडीच्या नातलगांकडून मागवलेलं कोरडं भूसही दोन दिवसांत मऊ पडून कुबट वास मारायला लागलं. एका सकाळी मी भूस उचललं तर तिपाईवर बारीक धूळ सांडली आणि ती धूळ चालायला लागली. सुईच्या टोकाएवढे किडे, तेही मोठे असतील ते. दाण्यांत नव्हते. दाणे माझे स्वच्छ होते. ते भुसात होते, आणि भुसातून उंदरांच्या अंगावर गेले होते. नर सारखा कान खाजवायचा. मादीच्या मानेवरचे केस गेले आणि खालची कातडी लाल दिसायला लागली. मी भूस तव्यावर भाजून बघितलं, ते पेटलं. राख पसरून बघितली, तर पिल्लं शिंकायला लागली. रोज भूस बदललं तरी किडे रोज हजर.

मास्तर बघायला आले. धोतर वर धरून पिंजऱ्याशी वाकले, किडे बघितले आणि लगेच सरळ उभे राहिले. म्हणाले, "आठ दिवसांत हे गेलं नाही तर पिंजरा मला दुसरीकडं द्यावा लागेल. तुझा काही दोष नाही गं. तुमच्या वस्तीत हे व्हायचंच."

दोष नाही म्हणाले तेच मला जास्त लागलं. आमच्या घरासारखं स्वच्छ घर त्या गल्लीत नव्हतं. ओल्या कागदावर कण बसला तर कागद वाया जातो, म्हणून अम्मा दिवसातून तीनदा झाडायची. मास्तरांच्या स्वतःच्या ओसरीवर बकऱ्या बांधलेल्या मी बघितल्या होत्या.  ते गेल्यावर मी रडून घर डोक्यावर घेतलं आणि मास्तर काय म्हणाले ते अब्बांना शब्दनशब्द सांगितलं.

अब्बा लगद्याच्या टाकीशी उभे होते. त्यांनी हातातला साचा बाजूला ठेवला, हात पुसले आणि आतल्या खोलीत गेले. माझ्या शाळेबद्दल त्यांनी आजवर एक प्रश्न विचारला नव्हता. पाटी फुटली तर नवी आणायचे, तेवढंच. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळ्या कागदाचं बंडल होतं.

हा कागद पूर्वी पोथ्या लिहिणाऱ्यांसाठी आणि पेढीवाल्यांसाठी व्हायचा. आमच्याकडं पन्नासेक ताव उरले होते आणि अब्बा ते कुणाला दाखवतही नसत. त्याला लावायच्या खळीत एक पिवळी पूड असायची. ती खलायचं काम अब्बा करायचे आणि तेव्हा मला आणि गल्लीतल्या पोरांना घराबाहेर काढायचे. मला वाटायचं पूड महाग असते, आम्ही सांडू म्हणून काढतात. ती खळ कागदाला लावायचं काम अम्माचं. त्या कागदाची ख्याती एकच होती, त्याला कधी कीड लागत नाही.

"माज्या आज्याच्या हातचा कागद आजून तसाच हाय," अब्बा म्हणाले. "कसर न्हाई, वाळवी न्हाई. हे अंथर. मग येऊ दे त्या मास्तरला."

ते ओसरीवर बसले आणि मोठ्या कातरीनं पट्ट्या कापायला लागले. गवताच्या पातीएवढ्या बारीक, सगळ्या एकसारख्या. दुपारभर दुसरं काम केलं नाही. माझ्यासाठी असं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी बसून पट्ट्या गोळा करत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी मी जितकी सुखात होते तितकी पुढं कधी झाले नाही. अम्मा समोर कागद घोटत होती. पहिला पिवळा ताव कापलेला बघून तिचा हात थांबला. तिनं अब्बांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दगड पुन्हा कागदावर फिरायला लागला. मला वाटलं चांगला कागद वाया चालला म्हणून तिला वाईट वाटलं असेल.

चार दिवसांत किडे गेले. एकही उरला नाही. मी भिंग घेऊन बघितलं, पट्ट्या झटकून पांढऱ्या कापडावर बघितल्या, काही नाही. मास्तर पुन्हा आले तेव्हा थक्क झाले. बरोबर पाणी घेतलेला एक विद्यार्थीही आणला होता, आमच्याकडचं प्यायला लागू नये म्हणून. अम्मानं चहा ठेवला तर म्हणाले आज उपास आहे. श्रावणात कुठलाही वार उपासाचा निघू शकतो. पण अब्बांना ते म्हणाले की कारागिरी म्हणतात ती ही, आणि दिपोटीसाहेबांना हा कागदही दाखवू. अब्बा आठ दिवस ताठ मानेनं फिरत होते.

उंदीर जे मिळेल ते कुरतडतो. कुरतडून मऊ करतो आणि त्याचं घरटं करतो. ते माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मादीनं त्या पट्ट्या दातांनी तासून त्यांचा कापसासारखा गोळा केला आणि पिल्लं त्यात ठेवली. मी मास्तरांना कौतुकानं दाखवलंही.

आधी पिल्लांची वाढ थांबली. मग त्यांना हगवण लागली. मी दाण्यांना दोष दिला. डबाभर बाजरी शेजारच्यांच्या बकरीला घातली, नवी आणली, पुन्हा भाजली. पाणी उकळून गार करून दिलं. दिवसातून चारदा किडे शोधायची आणि एकही सापडला नाही की जिवाला बरं वाटायचं. अंथरूण स्वच्छ राहावं म्हणून पट्ट्या आता एक दिवसाआड बदलायला लागले. अब्बा न मागता कापून द्यायचे. पाच दिवसांत सातही पिल्लं गेली. नर त्यानंतर दोन दिवसांनी. मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहायची, दाण्याला तोंड लावायची नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी ती पट्ट्यांच्या गोळ्यात आडवी पडलेली सापडली.

मी पिंजरा घेऊन शाळेत गेले. रडत नव्हते, मला वाटत होतं मास्तर काही तरी करतील. मास्तरांनी लांबूनच आत बघितलं. माझी वही मागितली नाही. शाळेच्या दप्तरात त्यांनी लिहिलं की कीड आणि अस्वच्छता यामुळं प्राणी दगावले. ते लिहिताना मी समोर उभी होते आणि मला उलटं वाचता येत होतं. त्या पिंजऱ्यात तेव्हा एकही किडा नव्हता. मी हे म्हणालेसुद्धा. मास्तर म्हणाले, "मग मेले कशानं?"  दुसऱ्या दिवशी दिपोटींसमोर वाण्याच्या मुलीनं कविता म्हटली आणि मला मागच्या रांगेत बसवलं.

घरी अब्बा म्हणाले माझ्या बाजरीतच काही तरी असणार. मी म्हणाले बाजरी चांगली होती. त्यांनी आवाज चढवला. "मग काय कागदात खोट हाय?"  कागदात खोट असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या कागदानंच तर मला आठ दिवस वाचवलं होतं. मी तीन वर्षं, चार वर्षं, सतत मनात तेच घोकत राहिले की माझ्या हातून काय चुकलं. तवा तापला नव्हता का, पाणी गार झालं नव्हतं का. आपल्याला एक काम दिलं आणि ते आपल्याला जमलं नाही, असं मी स्वतःला पटवून टाकलं. फायनलला दोन महिने असताना माझं लग्न झालं.

घोडेगावबद्दल मी जास्त लिहीत नाही. नवरा वाईट नव्हता. सासू वाईट होती, पण ती लवकर वारली. मी बांगड्या भरायला शिकले. बायकांचे हात दाबून दाबून माझ्या अंगठ्यांना घट्टे पडले. समोरच्या शाळेत एक तरुण मास्तरीण रुजू झाली. ती माझ्याकडून बांगड्या भरून घ्यायची आणि मला ताई म्हणायची. ती गेल्यावर मी उरलेल्या बांगड्या पुन्हा पुन्हा मोजत बसायची.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर मी थोरल्या मुलाला घेऊन जुन्नरला माहेरपणाला गेले. तो नुकता रांगायला लागला होता. मी अंगणात धुणं वाळत घालत होते आणि अम्मा ओसरीवर बसली होती. मुलगा रांगत आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो तोंडात काही तरी चोखत. अम्मा कशी उठली ते मला कळलंही नाही. गुडघे धरून उठणारी बाई, एका झेपेत त्याच्याजवळ पोचली. तिनं त्याच्या तोंडात बोट घातलं, पिवळी पट्टी ओढून काढली, त्याला उपडा धरून पाठीत चापट्या मारल्या, तांब्याभर पाण्यानं तोंड धुतलं आणि पुन्हा धुतलं. मुलगा किंचाळत होता. मी धावत आले आणि म्हणाले, कागदच होता ना, इतकं काय झालं.

"त्यातली पिवळी पूड हरताळाची हाय," ती म्हणाली.  "जहर हाय. ती खळ लावताना मी तोंडाला फडकं बांदायची, हात राखेनं घासल्याशिवाय पान्याला शिवत नव्हते. लेकरू गेलं आसतं."

मी तिथंच खाली बसले. मुलगा तिच्या मांडीवर रडत होता. माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं, पिल्लं, नर, मादी, तो कापसासारखा गोळा. अब्बांना पुडीचा गुण माहीत होता, पण त्यांच्या लेखी कागद लिहायची वस्तू होती. तो कुणी खाईल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, तेवढा त्यांना त्याचा गर्व होता. पण जिचा हात थांबला होता, तिच्या डोक्यात ते आलं होतं.

मी विचारलं, "तवा ठावं व्हतं तुला?"

ती मुलाचं तोंड पदरानं पुसत राहिली. मला वाटलं ती नाही म्हणेल. मला तिनं नाही म्हणायला हवं होतं.

"ठावं व्हतं," ती म्हणाली. "तू पुण्याला गेली आसतीस. मला एकच पोर राह्यली व्हती. घोडेगाव कसं, सकाळी निगालं तर पायी गेलं तरी दिवस मावळायच्या आत पोचतंय."

"पाच वर्सं झाली," मी म्हणाले. "किती डाव आलीस?"

"तुजा बाप जाऊ देत न्हाई."

इतकंच बोलणं झालं. त्यानंतरही झालं नाही. मी त्याच दिवशी दुपारच्या मोटारीनं परत निघाले. अब्बा अड्ड्यापर्यंत मुलाला कडेवर घेऊन आले आणि वाटेत भेटेल त्याला हा माझा नातू म्हणून सांगत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माणूस त्याच दिवशी मेला असता, आणि माझा त्यांच्यावर तितका राग नव्हता.

राग सगळा तिच्यावर राहिला. मास्तरांनी मला घाणेरडी ठरवली ते मी केव्हाच सोडून दिलं, ते परके होते. तिला मी हवी होते, माझ्यावाचून तिला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं. हे मला पटतं आणि पटतं म्हणूनच सोसत नाही. मी रोज स्वतःला नालायक म्हणत असताना ती समोर बसून कागद घोटत होती.

दोन वर्षांनी अब्बा वारले. मग तिला अडवायला कुणी नव्हतं. जुन्नरहून कुणी बाई बांगड्या भरायला आली की सांगायची, तुझी आई म्हणते, लेकीनं बोलावलं की जाईन. एकदा तर तिनं गाठोडंही बांधून ठेवल्याचं कळलं. ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. मी बोलावलं नाही.